‘स्वमग्न’ ह्या शब्दाचा विचार

अलीकडच्या काही दशकांत वैद्यक आणि कायदा ह्यांच्या गरजेपोटी जे शब्द मराठीत घडविले गेले, त्यांत ‘स्वमग्न’ हा दिसावयास सुबक आणि उच्चारावयास गोड असा शब्द आहे. ऑटिझम ह्या संज्ञेस प्रतिशब्द म्हणून तो आला, सरकारी कागदांत स्थिरावला, वर्तमानपत्रांत रुळला आणि आता सुशिक्षित घरांतील बोलण्यातही शिरला आहे. शब्दाचे असे सर्वत्र स्वागत झाले, म्हणजे तो यथार्थच असला पाहिजे असे आपण गृहीत धरतो. ह्या गृहीताचीच थोडी तपासणी येथे करावयाची आहे. कवितेतील शब्द चुकला तर कविता बिघडते. माणसाच्या वर्णनाचा शब्द चुकला तर त्याच्याशी वागण्याची आपली रीतच बिघडते. म्हणून ग्रंथपरीक्षणाच्या पानांत एका शब्दाच्या परीक्षणास जागा मागणे गैर होणार नाही.

प्रथम मूळ संज्ञेकडे पाहू. स्विस मानसरोगतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, स्किझोफ्रेनिया झालेले रुग्ण भोवतालच्या जगापासून मागे सरून स्वतःच्या कल्पनाविश्वात राहतात, त्या अवस्थेस ‘स्वतः’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव दिले. पुढे १९४३ साली बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यासाठी हेच विशेषण उसने घेतले. ही मुले आधी जगात रमलेली आणि मग मागे सरलेली नव्हती, ती आरंभापासूनच तशी होती, हे खुद्द कॅनर यांनीच नमूद केले आहे. तरीही शब्द चिकटला तो चिकटलाच. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात ह्या अवस्थेला स्वतंत्र स्थान मिळावयास १९८० साल उजाडावे लागले. म्हणजे एका आजाराच्या मापाने शिवलेला अंगरखा निराळ्याच मुलांच्या अंगावर चढला, आणि आपण मराठीत त्या अंगरख्याचेच भाषांतर केले.

इतके होऊनही इंग्रजी बोलणाऱ्याचे फारसे नुकसान झाले नाही. कारण उघड आहे. त्या शब्दातला ग्रीक धातू त्याच्या कानाला मेलेला आहे. ऑटिझम हे त्याला केवळ एक नाव वाटते. सोलापूर म्हटल्यावर लोकव्युत्पत्तीतली सोळा पुरे मोजावयास जसे कोणी बसत नाही, तसेच हे आहे. मराठीत मात्र ‘स्व’ आणि ‘मग्न’ हे दोन्ही शब्द जिवंत आहेत. ‘स्व’ म्हटला की स्वार्थ, स्वैर, स्वकेंद्रित हे त्याचे सगेसोयरे आठवतात. ‘मग्न’ म्हटला की बुडालेला माणूस दिसतो. “तुमचा मुलगा स्वमग्न आहे,” असे ऐकणाऱ्या आजीला परिभाषा ऐकू येत नाही, निदान ऐकू येते. नातू स्वतःतच बुडालेला आहे, इतरांची त्याला पर्वा नाही, आणि मनात आणले तर तो वर येऊ शकेल, असा तिचा समज होतो. मग “चार पोरांत सोडा त्याला”, “सारखे बोलते करीत राहा”, “आईने एकट्याला वाढविला म्हणून असे झाले” ही सल्ल्यांची आणि दोषारोपांची मालिका आपोआप सुरू होते.

आपल्या शेजारी हिंदीची गतही ह्याहून बरी नाही. तेथे ‘स्वलीनता’ हा शब्द चालतो, आणि १९९९ साली संसदेने केलेल्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या हिंदी नावात तर ‘स्वपरायणता’ हा शब्द आहे. मराठी कानाला स्वपरायण म्हणजे निव्वळ आपमतलबी! ज्यांच्या कल्याणासाठी कायदा केला, त्यांच्यावर कायद्याच्या नावातच असा आरोप यावा, ही शब्द घडविणाऱ्यांची दुष्ट बुद्धी खास नव्हे. ग्रीक धातूवरील त्यांची निष्ठा येथे नडली आहे.

येथे भाषाशुद्धीचे अभिमानी एक आक्षेप घेतील. स्वकीय शब्द ऐकताक्षणी अर्थ देतो, हाच तर त्याचा गुण, असे ते म्हणतील. सावरकरांनी रूढ केलेले ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द आज आपण विनासायास वापरतो, आणि त्यांची उपयुक्तता मान्य केलीच पाहिजे. पण महापौर ह्या शब्दाने सांगितलेला अर्थ खरा आहे, म्हणून त्याचा पारदर्शकपणा हा गुण ठरतो. शब्दाच्या आत जे दिसते तेच मुळी चुकीचे असेल, तर काच जितकी स्वच्छ तितकी चूक अधिक दूरवर दिसणार.

मग ते चुकीचे आहे काय? टेंपल ग्रँडिन ह्या अमेरिकन विदुषीचे उदाहरण घेऊ. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ह्या बाईंनी १९८६ साली आपले आत्मवृत्त प्रसिद्ध केले. गुरांना हाकून नेण्याच्या वाटा कशा बांधाव्यात, ह्या विषयात त्यांनी मोठे नाव मिळविले. जमिनीवर पडलेली सावली, लोंबणारी साखळी, चमकणारे डबके ह्यांना गाय का बुजते, हे इतरांना दिसत नव्हते, त्यांना दिसले. जनावराच्या डोळ्यांनी वाट पाहणाऱ्या ह्या बाईला स्वतःत बुडालेली म्हणावे काय? पंख्याच्या पात्यांकडे, आगगाडीच्या वेळापत्रकाकडे, कापडाच्या विणीकडे तासन्‌तास पाहणारे मूल जगाकडे पाठ फिरवून बसलेले नसते. जगाचा एक तुकडा ते आपल्याहून अधिक बारकाईने पाहत असते. आपल्याकडे मात्र ते पाहत नाही, हे आपल्याला झोंबते, आणि ‘स्व’चा ठपका आपण त्याच्यावर ठेवतो. डेमियन मिल्टन ह्या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या इंग्रज अभ्यासकांनी २०१२ साली मांडले, ते नेमके हेच: न समजण्याचा प्रकार दुहेरी आहे. त्यांना आपण उमगत नाही, तसे तेही आपल्याला उमगत नाहीत. ‘स्वमग्न’ ह्या शब्दात ह्यांपैकी एकाच बाजूची नोंद आहे.

ह्या शब्दाच्या आसपास जी वाक्ये बनतात, त्यांचाही विचार केला पाहिजे. वर्तमानपत्रांत ‘ऑटिझमग्रस्त’ असे छापतात. ग्रस्त म्हणजे गिळलेला. दुष्काळग्रस्त म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्यास सांगावयास नको. तेथे दुष्काळापूर्वीचे एक बरे वर्ष आठवणीत असते. ऑटिझमला असे ‘पूर्वी’ नसते. ‘त्याला ऑटिझम झाला’ ह्या वाक्यातही तोच दोष आहे. ताप होतो, कावीळ होते, तसा तो कोठून येऊन झालेला नसतो. उलट ‘त्याला ऑटिझम आहे’ हे वाक्य निर्दोष आहे. मराठीत माणसाला ताप असतो, तशी बहीणही असते आणि गणिताची आवडही असते. ‘ला’ हा प्रत्यय रोग आणि नाते ह्यांत भेद करीत नाही, ही त्याची थोरवीच म्हणावयाची.

आता घरगुती शब्दांकडे वळू. हे शब्द सर्वस्वी चांगले होते, असे भाबडेपणाने म्हणता येणार नाही. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा एकाच गल्लीत नांदतात, आणि चारही भाषांत अशा मुलासाठी पहिला शब्द वेडाचाच निघतो. मराठी घरात येडा किंवा खुळा, कानडी घरात हुच्च, तेलुगू विणकराच्या घरात पिच्चि, दखनी घरात दिवाना. पुढे शाळा आणि दवाखाने आले, तेव्हा ‘मतिमंद’ हा एकच शब्द सर्वांना पुरेसा वाटू लागला. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ नाटकाने मतिमंद मुलाच्या आईबापांचा कोंडमारा रंगभूमीवर आणला, हे त्याचे ऋण खरेच. पण बाहेर त्या एका शब्दाच्या गोणीत किती निरनिराळी मुले कोंबली गेली, त्याची गणती नाही. ह्या सर्वांहून सूक्ष्म दोष व्याकरणाचा आहे. मूल, लेकरू, पोरगं, येडं हे सारे नपुंसकलिंगी. इतर मुले वयाबरोबर ह्या लिंगातून बाहेर पडतात, ‘तो’ किंवा ‘ती’ होतात. पण हा मनुष्य तिशीला आला तरी शेजारीण म्हणते, “ते आपलं तसंच आहे.” त्या ‘ते’मध्ये माया असते, हे नाकबूल नाही, पण मायेनेही माणसाचे वाढणे थांबविता येते.

असे असले तरी ह्याच घरगुती बोलीत दुसऱ्या जातीची एक संपत्ती आहे, आणि नव्या परिभाषेच्या भरात ती आपण गमावीत आहो. “तो आपल्याच नादात असतो” हे वाक्य घ्या. वरवर पाहता ‘स्वमग्न’चाच हा अर्थ वाटेल. पण नाद हा कशाचा तरी असतो. वाक्य संपताच “कसला नाद आहे त्याला?” असा प्रश्न सहज येतो, आणि त्या प्रश्नाच्या वाटेने मुलाशी ओळख होते. ‘स्वमग्न’ म्हटल्यावर विचारावयास काही उरतच नाही. किंवा ‘मानवणे’ हे क्रियापद पाहा. मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते; नंदीध्वज निघतात, वाद्ये वाजतात, शोभेचे दारूकाम होते. त्या गर्दीत कानांवर हात दाबून रडणाऱ्या मुलास कोणी भित्रा म्हणते, कोणी हट्टी. आणि एखादी जाणती बाई म्हणते, “त्याला गोंगाट मानवत नाही.” ह्या वाक्यात मुलाला दोष नाही, यात्रेलाही नाही. कोकणची हवा एखाद्याला मानवत नाही, तसे दोहोंचे जुळत नाही, एवढेच ते सांगते. आणि काय करावे हेही त्यातच आले. मिल्टन यांनी जे सिद्धांतरूपाने मांडले, ते ह्या क्रियापदाच्या पोटात आधीपासून आहे.

मराठीच्या आरंभीच्या गद्यातही अशा वर्णनाचा एक वस्तुपाठ आहे. महानुभावांनी ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्र तेराव्या शतकात लिहून ठेवले. गावातले लोक त्यांना वेडे म्हणत, पिसे म्हणत, हे त्या चरित्राने लपविलेले नाही. आजच्या वैद्यकाची चिठ्ठी त्या अवतारी मानलेल्या पुरुषास चिकटविणे अनुचित होईल, आणि तसा येथे हेतूही नाही. ध्यानात घ्यावयाची ती लेखनाची पद्धत. ते कोठे गेले, काय खाल्ले, कशाला हात लावला, कशावर रागावले, हे छोट्या छोट्या लीळांतून सांगितले आहे. त्यांच्या अंतरंगाविषयी एका विशेषणात निकाल दिलेला नाही. भोवतालची माणसे त्यांच्या तऱ्हेला आपला दिनक्रम जुळवून घेतात. पाहिलेले सांगावे आणि न पाहिलेल्याचा निवाडा करू नये, हा संयम त्या गद्यात आहे.

मग नाव नकोच काय? तसे नव्हे. नाव नव्हते तेव्हा अशा मुलाने हट्टीपणाबद्दल मार खाल्ला आणि आईने बोलणी खाल्ली. नावाने दारेही उघडतात. अपंगांसंबंधीच्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या कायद्याने तो केला, आणि २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत तो आहे. दाखला, शाळा, सवलत ह्यांसाठी एक निश्चित संज्ञा हवीच. माझे म्हणणे इतकेच की, ती ‘ऑटिझम’ हीच राहू द्यावी. टेबल, स्टेशन, डॉक्टर हे शब्द जसे मराठी झाले, तसा हाही होईल. त्यातून काही अर्थ निघत नाही, हेच येथे त्याचे पुण्य आहे. नवा सामासिक शब्द घडविण्याच्या खटपटीत कोणी पडू नये. तोही आतल्या माणसाविषयी काहीतरी ठोकून देईलच. २०१५ पासून रूढ झालेल्या ‘दिव्यांग’ शब्दाने निंदेच्या जागी स्तुती ठेवली. पण ज्याला शाळेत बसावयास बाक हवा आहे, त्याला देव्हाऱ्यात बसविल्याने ती गरज भागत नाही.

आणि संज्ञा कागदावर लिहून झाली की घरी मात्र साधी वाक्ये बोलावीत. त्याला गोंगाट मानवत नाही. त्याला ठरलेली वेळ मोडलेली खपत नाही. तो बोलत नाही, पण त्याला कळते. तिला एक एक गोष्ट सांगावी लागते. ही वाक्ये लांब आहेत, आणि प्रत्येक मुलासाठी वेगळी करावी लागतात. त्यांचा उपयोग आहे तो त्यामुळेच.

असल्या कोणत्याही शब्दास एक कसोटी लावता येईल. लग्नकार्यात, प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर अशा मुलाच्या आईला लोक विचारतात, “हा बोलत नाही का?” तो तेथेच उभा असतो, आणि ऐकत असतो. त्याच्याविषयी जे बोलावयाचे, ते त्याच्याकडे तोंड करून बोलता येते काय, हे पाहावे. “तुला गोंगाट मानवत नाही ना? चल, बाहेर बसू,” हे म्हणता येते. “तू स्वमग्न आहेस,” हे म्हणून पाहावे, जीभ अडखळेल. जो शब्द माणसाच्या पाठीमागेच चालतो, तो कितीही सुबक असला तरी त्याला घरात घेताना विचार करावा.