शाळेची कचेरी झाली, मग इमारत कोणाची झाली?

मागच्या आठवड्यात एकीने विचारलं, "सर, जुन्या इमारतीवर पेट लिहायचीय. सुरुवात कुठून करू?" उत्तर लांबलं, म्हणून इथेच लिहितो.

उदाहरण घेऊ पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचं. आपल्या तामलवाडीहून लांब आहे खरं, पण बाजीराव रस्त्यावर उभं राहून कोणालाही बघता येतं. माहितीपर लेखनात बहुतेक वेळा एवढंच सापडतं: दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधला, तीन चौक, सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब, दर्शनी सज्जा. १८१८ ला पेशवाई गेली आणि वर्णनही तिथेच संपतं. पुढची दोनशे वर्षं म्हणजे जणू वाड्याची नुसती पडझड!

माझा आक्षेप नेमका इथे आहे. पेशवे या वाड्यात जेमतेम अकरा वर्षं राहिले. १८२१ मध्ये एल्फिन्स्टनच्या काळात इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे विसाव्या शतकात काही दशकं पुण्याच्या नगरपालिकेचा आणि मग महानगरपालिकेचा कारभार इथून चालला. मग ही वास्तू राजवाडा, शाळा की कचेरी? तिन्ही, असं माझं म्हणणं आहे.

आता नकाशा वाचा. चौकाभोवती सोपे असले की उजेड-वारा मधून येतो, मुलं सतरंजीवर बसू शकतात. शाळेला वाड्यात फारशी मोडतोड करावी लागत नाही. कचेरीचं तसं नसतं. तिला कपाटं लागतात, कुलूप लागतं, साहेबांची वेगळी खोली लागते. मग दोन खांबांमध्ये पार्टिशन उभं राहतं. खांब जागेवरच असतो, पण त्यांची ओळ दिसत नाही. म्हणजे नुकसान लाकडाचं कमी आणि मोकळ्या जागेचं जास्त. "किती टक्के मूळ शिल्लक आहे" असल्या मोजणीत हे नुकसान धरलंच जात नाही.

पण म्हणून कचेरीला सरळ खलनायक ठरवू नका. १८७९ च्या आगीत वाड्याचा पुढचा भाग जळाला, तेव्हा लोकांच्या वर्गणीतून आणि नगरपालिकेच्या मदतीने तो पुन्हा उभा राहिला. त्याच आगींत गेलेला बुधवार वाडा परत उभा राहिला नाही. वापरातल्या छताची कौलं कोणीतरी बदलतं. रिकाम्या छताकडे कोण बघतं?

थोड्याच अंतरावर भिडेवाडा होता. फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा तिथे सुरू केली. त्या जागेत पुढे दुकानं आली, वाद कोर्टात गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी मोडकळीला आलेली इमारत पाडली गेली. कोरीव खांबांचा वाडा टिकला, साधा वाडा गेला. आणि हेही लिहा, की विश्रामबागेतली पाठशाळा सुरुवातीला फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती. चौक आभाळाला मोकळा होता, दरवाजा सगळ्यांना नव्हता. वास्तूचं सौंदर्य लिहिताना हा दरवाजा गाळला तर समीक्षा अर्धीच राहते.

माझा पहिला आराखडा गाइडनी परत केला होता. त्यात खांबांची मापं होती, माणसं नव्हती. चिडलो होतो तेव्हा; आज पटतं.

तेव्हा तुमच्या गावात जुनी शाळा असेल, तिथे आता एखादं कार्यालय असेल, तर वहीत चार रकाने आखा: कोणी बांधली, कोण शिकलं, कोणाला आत येता आलं नाही, आणि आता पार्टिशन कुठे आहे. चौथा रकाना भरायला आत जावं लागेल. शिपाईमामांना विचारून जा. कुठली भिंत नंतरची, हे बऱ्याचदा त्यांनाच ठाऊक असतं.