ठाणे खाडी : मोजलेली झाडं आणि न मोजलेला चिखल

मुंबईच्या पाणथळ जागांचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून खारफुटीवर येतं. माझी तक्रार तिथेच आहे.

खारफुटीला कायद्याचं कवच हवंच होतं. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने तोड थांबवली, खारफुटीपासून 50 मीटरच्या आत बांधकाम रोखलं. 2018 च्या निकालाने ते पक्कं केलं. ते नसतं तर आज उरलंय तेवढंही उरलं नसतं. पण त्यातून एक सवय लागली. झाडं वाढली की खाडी वाचली, असं धरून चालायची. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्यातली खारफुटी 2017 मध्ये 304 चौरस किलोमीटर, 2019 मध्ये 320. लगेच अभिनंदन!

आता ठाणे खाडी बघा. भराव, पूल, राडारोडा यांनी प्रवाह मंदावला, गाळ साचला, त्यात शहराचं सांडपाणी. खारफुटी पसरली ती या गाळावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर. जिथे रोहित आणि तुतारी पक्षी चरतात, जिथे कोळी लोक निवट्या नि चिंबोऱ्या धरतात, तोच हा चिखल. नकाशावर हिरवा रंग वाढला. खाडी उथळ झाली, हे त्या रंगात दिसत नाही.

बरं, रोहितांचं कौतुकही असंच. 2015 साली अभयारण्य झालं, 2022 साली रामसर दर्जा मिळाला, चांगलंच झालं. पण रोहित आले म्हणजे खाडी निरोगी, हे कुठून काढलं? लहान रोहित सूक्ष्म शेवाळ खातो, आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ फोफावतं. ही गर्दी प्रदूषणाचीही खूण असू शकते.

शिवाय भरतीला चिखल बुडाला की हे पक्षी जातात कुठे? नवी मुंबईच्या तळ्यांवर. नेरुळचं डीपीएस तळं त्यातलंच, अभयारण्याच्या हद्दीबाहेरचं. 2024 च्या उन्हाळ्यात तिथे भरतीचं पाणी यायची वाट अडली, तळं सुकत गेलं, रोहित मेले. झाडांच्या हिशोबात हे नुकसान शून्य.

तेव्हा पुढच्या वेळी खारफुटी वाढल्याची बातमी आली, तर एवढंच विचारा : ती आधी जमीन असलेल्या जागी वाढली, की चिखलावर? आणि तळ्यांच्या किती वाटा उघड्या आहेत?