मालेगावचा सुपरमॅन आणि भेंडीचं शेवटचं पीक

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या आसपास आम्ही जळगावात गच्चीवर होतो आणि आकाशातून पेटत्या ठिपक्यांची एक रांग सरकत गेली. उल्का झपकन जाते, ही सावकाश गेली, अगदी मोबाइल काढून शूट करण्याइतका वेळ देऊन. खालच्या गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "हाई काय शे रे भो?" पुढच्या दहा मिनिटांत व्हॉट्सॅपवर मिसाइल, विमान आणि एलियन असे तीन पक्ष पडले. त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी रिंग येऊन पडली. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. एलियन पक्षाचा हिरमोड झाला. मी त्याच पक्षात होतो.

सायफायचा फॅन असणं म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याच्या आकाशाकडे बघणं. यान उतरणार ते न्यूयॉर्कला, फार तर टोकियोला. धुळ्याच्या पाचकंदील चौकात कधीच नाही. तरी काही सिनेमे इथे बसून पाहिले की वेगळेच दिसतात. 'इंटरस्टेलर' (२०१४) घ्या. सगळे कृष्णविवराबद्दल बोलतात. मला भीती वाटली ती सुरुवातीच्या शेताची. गहू गेला, भेंडीचं हे शेवटचं पीक, उरला फक्त मका. पुण्यात माझ्यासोबत पाहणारे मित्र भेंडीच्या उल्लेखावर हसले. मला हसू आलं नाही. आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात मैलोन् मैल केळी आहे, आणि त्यातली बरीचशी ग्रँड नैन या एकाच वाणाची, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांत वाढवलेली. म्हणजे एकमेकांची क्लोन. सीएमव्हीचा रोग आला की शेतकरी अख्खी बाग उपटून टाकतो. याआधी जगभर खाल्ली जाणारी ग्रो मिशेल ही जात पनामा रोगाने अशीच बाजारातून गेली. नोलनला जे कल्पनेनं रचावं लागलं, ते आमच्या बांधावर उभं आहे. फक्त त्यावर सिनेमा नाही.

मराठीत प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. सुजय डहाकेचा 'फुंतरू' (२०१६) इंजिनिअरिंग कॉलेजात घडतो, त्यामुळे मी फार आशेनं पाहिला. मुलगा आवडत्या मुलीची होलोग्राम प्रतिकृती बनवतो. एका माणसाची परवानगी न घेता तिची प्रत काढायची, हा खरा स्फोटक प्रश्न आहे, आणि आज डीपफेकच्या काळात तर जास्तच. सिनेमा त्याच्या दारापर्यंत जातो आणि लव्हस्टोरीकडे वळतो. धाडसाचे गुण द्यायला हवेत, पण पेपर अर्धाच सोडवलाय.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझ्या मते आपल्या भागातला सगळ्यात अस्सल सायफाय अनुभव म्हणजे फैजा अहमद खान यांची डॉक्युमेंटरी, 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८). मालेगाव कागदावर नाशिक जिल्ह्यात, पण धुळ्याहून हायवेने तासाभरावर, आणि बोलण्याचा हेल ऐकला तर आमचंच. नासिर शेख नावाचा माणूस, 'मालेगाव के शोले' करून झालेला, आता सुपरमॅन उडवायचं ठरवतो. सुपरमॅन आहे शफीक, यंत्रमागावर काम करणारा हडकुळा पोरगा.

लोक ही डॉक्युमेंटरी 'किती क्यूट' म्हणून पाहतात, तिथे माझं डोकं फिरतं. त्यातलं काम बघा. हिरव्या कापडासमोर शफीकला आडवा उचलून धरतात, मागचं हिरवं काढून टाकतात आणि तिथे मालेगाव बसवतात. हॉलिवूडचं तत्त्व हेच, बजेट तेवढं वेगळं. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळं ठप्प. प्रॉडक्शन सर्व्हर बसल्यावर आमच्या टीमचे जे चेहरे होतात, तेच इथे दिसले. याला 'जुगाड' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना मला विचारायचंय, हेच गॅरेजमध्ये बसून कॅलिफोर्नियातल्या पोरांनी केलं तर त्याला आपण इंजिनिअरिंग का म्हणतो?

२०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागतीचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरात आला. वरुण ग्रोवरचं लेखन, आदर्श गौरव नासिरच्या भूमिकेत, शशांक अरोरा शफीकच्या. सिनेमा चांगला आहे, मी रडलोही. विनीत कुमार सिंगचा फरोग तर घरी आल्यावरही डोक्यातून जात नव्हता. तरी एक गोष्ट खटकली, आणि जितका विचार करतो तितकी जास्त खटकते. या सिनेमात शफीकला आधी कॅन्सर होतो, आणि मग त्याच्यासाठी मित्र सुपरमॅन बनवायला घेतात. खऱ्या आयुष्यात क्रम उलटा होता. सुपरमॅन आधी झाला. आजार नंतर आला, आणि २०११ मध्ये तोंडाच्या कॅन्सरने शफीक गेला.

नाट्यासाठी क्रम बदलतात, मान्य. पण दोन ओळींची अदलाबदल केली की प्रोग्रॅमचं उत्तर बदलतं. इथेही बदललं. डॉक्युमेंटरीत त्या पोरांना माणूस उडवायचा असतो कारण त्यांना माणूस उडवायचा असतो. बस. त्याला दुसरं कारण नाही. फीचर फिल्मला मात्र कारण लागलं, आणि तेही मरणाचं. छोट्या गावातल्या माणसाला नुसतं कुतूहल असू शकतं, हे मुंबईच्या पडद्याला अजून पटत नाही का? त्याच्या स्वप्नाला आधी दुःखाचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, जातपडताळणीसारखं. स्पीलबर्गला कुणी विचारलं नाही की बाबा, तुला एलियन का हवाय, घरी कोण आजारी आहे?

कुणी म्हणेल, निदान त्या सिनेमामुळे शफीकचं नाव देशभर गेलं. खरं आहे. थिएटरात माझ्या शेजारी बसलेला मुलगा शेवटी हुंदके देत होता, त्यालाही मी चूक म्हणणार नाही. फक्त त्याने घरी जाऊन डॉक्युमेंटरी शोधावी असं वाटलं. तिच्यात शूटिंग चालू असतानाच शफीकचं लग्न होतं. सुपरमॅनच नवरदेव म्हटल्यावर युनिट खोळंबतं. पुढे काय होणार ते पडद्यावरच्या कुणालाच माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. टाइम ट्रॅव्हलवरचे कितीतरी सिनेमे पाहिलेत मी, पण भविष्यातून आल्यासारखं इतकं कधीच वाटलं नाही. त्याला कापडासमोर आडवा धरलाय, हात पुढे ताणलेले, आणि कुणीतरी सांगतंय, जरा हसू नको.