मध्यहंगामी खेळाडू-विनिमयाचे मूल्यमापन : काही आक्षेप

अमेरिकेत बेसबॉलचे एक घरगुती प्रतिविश्व आहे. एक मेज, तीन फासे आणि खेळाडूंच्या नावांची कार्डे एवढ्या सामग्रीवर दहा-बारा माणसे वर्षानुवर्षे आपापले संघ चालवितात, सामने खेळतात, धावांचे हिशेब ठेवतात, आणि हंगाम अर्ध्यावर आला की एकमेकांशी खेळाडूंची देवघेव करतात. या देवघेवीनंतर लीगच्या परिपत्रकांतून जे निवाडे लिहिले जातात, म्हणजे 'अमक्याने बाजी मारली, तमका फसला' असे, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय क्षुल्लक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु मूल्य वस्तूत असते की वस्तूंच्या परस्परसंबंधात, आणि निर्णयाची पारख त्याच्या परिणामावरून करावी काय, हे दोन प्रश्न येथे इतक्या निर्भेळ स्वरूपात सापडतात की भाषेच्या अभ्यासकाला त्यांकडे पाठ फिरविता येत नाही.

प्रथम या खेळाची यंत्रणा. १९५१ साली पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे रिचर्ड साइट्झ यांनी 'ॲपबा' हा कार्डांचा खेळ विक्रीस आणला. १९६१ साली हॅल रिचमन यांचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' आला. पुढील विवेचनास दुसरा अधिक सोयीचा आहे. त्यात प्रत्येक फलंदाजाच्या आणि प्रत्येक पिचरच्या कार्डावर तीन स्तंभ असतात. एका फाशाने स्तंभ ठरतो : एक ते तीन पडल्यास फलंदाजाचे कार्ड पाहावयाचे, चार ते सहा पडल्यास पिचरचे. उरलेल्या दोन फाशांच्या बेरजेने ओळ ठरते. म्हणजे फलंदाजाचे निम्मे भवितव्य त्याच्या स्वतःच्या कार्डावर लिहिलेलेच नसते. ते समोरच्याच्या कार्डावर असते. म्हणूनच कार्ड बनविणाऱ्याला त्या खेळाडूचे सर्वसाधारण खेळाडूपासूनचे अंतर जवळजवळ दुप्पट करून कार्डावर मांडावे लागते, तेव्हा कोठे दोन्ही कार्डे मिळून त्याची खरी सरासरी उतरते. कार्डावर जे नोंदलेले असते ते गुण नव्हे, तर फरक असतो. वाचकांस येथे एका परिचित सिद्धांताची आठवण झाली असेल. त्याकडे लवकरच वळू.

आपल्याकडे शाळेच्या बाकावर पुस्तकाची पाने उघडून जे क्रिकेट खेळले जाते, त्याच्याशी याची तुलना उद्बोधक ठरते. तेथे पृष्ठांकाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा. सलामीच्या फलंदाजालाही तेच पुस्तक आणि अकराव्या क्रमांकाच्या गड्यालाही तेच. नावे हवी ती घाला. त्यांत भेदक असे काही नाही. कार्डांच्या बेसबॉलमध्ये भेद आहे, परंतु तो कार्डात आहे, नावात नाही. आणि मूल्यमापन करणाऱ्यांची पहिली गफलत नेमकी येथे होते. कीर्तिवंत खेळाडूचे यंदाचे कार्ड सामान्य असले तरी लीगमध्ये त्याला भाव येतो, आणि परिपत्रककार त्याच्या नावाचा उल्लेख करूनच निवाडा आटोपतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण या प्रकाराला जशी लागू पडते तशी क्वचितच कोठे पडत असेल.

फेर्दिनां द सोस्यूर यांच्या व्याख्यानांचा जो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, प्रसिद्ध झाला त्यात मूल्यकल्पनेचे विवेचन नाण्याच्या दृष्टांताने केलेले आहे. पाच फ्रँकच्या नाण्याचे मूल्य ठरविण्यास दोन गोष्टी कळाव्या लागतात : त्याच्या मोबदल्यात भाकरीसारखी एखादी विजातीय वस्तू किती येते, आणि त्याच व्यवस्थेतील सजातीय नाण्यांच्या तुलनेत ते कोठे बसते. खेळाडूच्या कार्डाचेही असेच आहे. त्याच्या बदल्यात विजय किती येतील हा पहिला प्रश्न. त्या स्थानावर खेळणाऱ्या इतर कार्डांहून ते किती वेगळे, हा दुसरा. लीगमधील बहुतेक संघांजवळ उत्तम शॉर्टस्टॉप असतील तर आणखी एका उत्तम शॉर्टस्टॉपची किंमत उतरते, त्याच्या कार्डावरील एकही आकडा न बदलता. ज्या संघाचा दुसरा कॅचर बाकावर बसून राहतो त्या संघापुरते त्या कॅचरचे मूल्य जवळजवळ शून्य. ज्याच्यापाशी धड कॅचर नाही त्याच्यापाशी तेच कार्ड मोलाचे. तेव्हा 'या खेळाडूची किंमत काय' हे वाक्य, कोणत्या संघात आणि कोणाच्या जागी हे सांगितल्यावाचून, अपुरे राहते. परिपत्रकांतील बहुसंख्य निवाडे असे अपुरे आहेत. दोन स्तंभांत खेळाडूंचे गुण मांडावयाचे, बेरीज करावयाची आणि मोठी बेरीज ज्याची तो विजयी ठरवावयाचा : ही रीत शब्दकोशातील अर्थांची बेरीज करून वाक्याचा अर्थ काढण्यासारखी आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. १५ जून १९६४ रोजी, त्या काळच्या विनिमयाच्या अखेरच्या दिवशी, शिकागो कब्ज या संघाने लू ब्रॉक हा तरुण क्षेत्ररक्षक सेंट लुइस कार्डिनल्सला दिला आणि मुख्यत्वे अर्नी ब्रॉग्लिओ हा पिचर घेतला. दोन्हीकडून आणखी दोन-दोन खेळाडू गेले. त्यांची चर्चा कोणी करीत नाही. ब्रॉकची सरासरी शिकागोत .२५१ होती, सेंट लुइसमध्ये उरलेल्या हंगामात ती.३४८ झाली. कार्डिनल्सनी एका सामन्याच्या फरकाने नॅशनल लीग जिंकली आणि मग यांकीज संघाला हरवून जागतिक मालिकाही जिंकली. ब्रॉग्लिओ कब्जकडून त्या वर्षी चार सामने जिंकला, सात हरला. वर्षाअखेर त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढे त्याची कारकीर्द लवकरच संपली. एकतर्फी विनिमयाचे उदाहरण म्हणून अमेरिकेत आजही याच सौद्याचे नाव घेतले जाते.

हाच सौदा १९६४ च्या उन्हाळ्यात कार्डांच्या लीगमध्ये झाला असता तर? तेथे खेळली जाणारी कार्डे १९६३ च्या हंगामावर बेतलेली असणार. १९६३ साली ब्रॉकची सरासरी .२५८ होती, ब्रॉग्लिओने १८ सामने जिंकून ८ गमावले होते आणि त्याची धावसरासरी २.९९ होती. (जय-पराजयाचे आकडे येथे केवळ ओळखीसाठी, कार्डाला त्यांच्याशी कर्तव्य नसते.) कार्डाचे कोपर दुखत नाही. त्या लीगमध्ये, त्या हंगामापुरता, ब्रॉग्लिओ घेणाऱ्याचा सौदा सरस ठरण्याचीच शक्यता अधिक होती. इतिहासाने ज्याला मूर्खपणा ठरविले ते प्रतिकृतीत शहाणपण ठरते. यावरून प्रतिकृती खोटी आहे असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला उलट वाटते. प्रतिकृतीने या निर्णयातील ज्ञात आणि अज्ञात भाग वेगळे करून दाखविले. १५ जूनला उपलब्ध असलेल्या आकड्यांवर पाहिले तर शिकागोचा निर्णय अविचारी नव्हता.

येथून दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. हंगाम संपल्यावर परिपत्रककार मागे वळून पाहतो आणि फाशांनी दिलेला निकाल हाच निर्णयाचा गुण मानतो. थोडा हिशेब करू. अर्ध्या हंगामात नियमित फलंदाजाच्या वाट्याला सुमारे ३०० संधी येतात असे धरले, तर .२७० च्या आसपास क्षमता असलेल्या फलंदाजाच्या सरासरीत केवळ योगायोगाने येणारे प्रमाण-विचलन सुमारे .०२६ असते. दोन फलंदाजांतील फरकाचे विचलन सुमारे .०३६ होते. मग कार्डावरून .२९० चा ठरणारा आणि .२६० चा ठरणारा असे दोघे अदलाबदल झाले, तर पाचांत एकदा निकृष्ट कार्डाचाच फलंदाज वर्षाअखेर वरचढ दिसेल. पाचांत एकदा म्हणजे अपवाद नव्हे. एका लीगमध्ये हंगामात पंधरा-वीस विनिमय होत असतील तर त्यांतील तीन-चारांविषयीचे परिपत्रकातील निवाडे फाशांनी लिहिलेले असतात, आणि ते कोणते हे निकालावरून ओळखता येत नाही. रॉबर्ट कूव्हर यांच्या १९६८ च्या 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन' या कादंबरीतील हिशेबनीस वॉ याला आपल्या लाडक्या पिचरला मारणारा फाशांचा कौल सोसवत नाही आणि पुढे तो स्वतःच्या हाताने फासे मांडतो. परिपत्रककार फाशांना हात लावीत नाही; पडलेल्या फाशांना तो हेतू चिकटवितो. दोघांपैकी अधिक प्रामाणिक कोण, हा प्रश्न कादंबरीच्या अभ्यासकांवर सोपवितो.

'मध्यहंगामी' या विशेषणाचाही नीट विचार झालेला दिसत नाही. कार्डाला महिना नसतो. एप्रिलमध्ये जे कार्ड तेच सप्टेंबरमध्ये. हंगामाच्या मध्यावर घेणारा खेळाडूचे अर्धेच फासे विकत घेतो. दहा धावांना साधारणतः एक विजय, हा हिशेब जॉन थॉर्न व पीट पामर यांच्या १९८४ च्या 'द हिडन गेम ऑफ बेसबॉल' या ग्रंथाने रूढ केला. पूर्ण हंगामात वीस धावांनी सरस असलेला खेळाडू मध्यावर घेतल्यास दहा धावा, म्हणजे एक विजय देतो. अग्रस्थानापासून एका सामन्याने मागे असलेल्या संघाला हा एक विजय सर्वस्व आहे. अठरा सामन्यांनी मागे असलेल्याला तो कवडीमोल. मध्यावर नवीन जर काही असते तर ती गुणतक्त्याची माहिती. आणि तीच निवाड्यांत सहसा नसते.

ज्या लीगमध्ये खेळाडू पुढील वर्षीही त्याच मालकाकडे राहतो तेथे प्रश्न अधिक रंजक होतो. अशा लीगमध्ये प्रत्येक खेळाडूला एकाच वेळी दोन अस्तित्वे असतात. गतवर्षीच्या कामगिरीचे कार्ड मेजावर आहे आणि ते अचल आहे. दुसरीकडे तोच माणूस या क्षणी खऱ्या मैदानावर खेळत आहे आणि आपले पुढील वर्षीचे कार्ड घडवीत आहे. सोस्यूर यांनी मूल्याशी संबंध असणाऱ्या सर्व शास्त्रांना सहअस्तित्वाचा आणि अनुक्रमाचा असे दोन अक्ष वेगळे ठेवण्यास सांगितले होते. अग्रस्थानासाठी झगडणारा मालक पहिल्या अक्षावर खरेदी करतो, तळाचा मालक दुसऱ्यावर. खऱ्या बेसबॉलमध्ये याचा नमुना १२ ऑगस्ट १९८७ चा आहे. डेट्रॉइटने अटलांटाकडून डॉइल अलेक्झांडर हा छत्तिशीतला पिचर घेतला आणि वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, धावसरासरी १.५३, डेट्रॉइटने टोरोंटोला दोन सामन्यांनी मागे टाकून आपला विभाग जिंकला. स्मोल्ट्झने पुढे २१३ विजय मिळविले आणि २०१५ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. 'कोण जिंकले?' यावर अमेरिकेत अजून वाद होतो. तो वाद मिटत नाही, कारण दोन्ही बाजू एकाच तराजूत बसविण्याचा हट्ट त्यात आहे. डेट्रॉइटला हवे ते त्या सात आठवड्यांत मिळाले. अटलांटाला हवे ते काही वर्षांनी. (जाता जाता : अलेक्झांडरच्या संपूर्ण १९८७ चा हिशेब १४ जय, १० पराजय, धावसरासरी ३.०१ असा आहे. वर्षभराच्या कार्डावर त्याची ती अपराजित मालिका विरघळून जाते.)

येथे मराठी वाक्प्रचाराकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपण सौदा 'जिंकला' असे म्हणत नाही. सौदा पटतो, फिसकटतो, स्वस्तात पडतो, महागात जातो. माणूस सौद्यात फसतो. 'पटणे' या क्रियापदात दोन्ही पक्षांचे समाधान गृहीत आहे. इंग्रजी प्रयोगात मात्र देणारा व घेणारा हे प्रतिस्पर्धी होऊन बसतात आणि एकाचा लाभ ती दुसऱ्याची हानी ठरते. जादा कॅचर देऊन जादा शॉर्टस्टॉप घेणारे दोन्ही संघ पूर्वीपेक्षा बळकट होतात. लीगमधील विजयांची एकूण संख्या ठरलेली असल्यामुळे हानी कोणाची तरी होते खरी, पण ती सौद्यात नसलेल्या उरलेल्या संघांची. परिपत्रकात हरलेल्यांची नावे द्यावयाचीच तर ती या संघांची द्यावीत.

हा केवळ शब्दांचा वाद नाही, कारण पुष्कळ लीगांत मध्यस्थाला किंवा सभासदांच्या मताला विनिमय रद्द करण्याचा अधिकार असतो. त्यांच्यासमोरचा प्रश्न आपल्या भाषेत असा मांडता येईल : ही देवघेव आहे की साटेलोटे? साटेलोटे हा मूळचा दोन कुटुंबांनी एकमेकांच्या मुली सुना म्हणून करून घेण्याच्या व्यवहाराचा शब्द. आज तो संगनमताच्या अर्थाने वापरला जातो. मध्यस्थ बहुधा विषमता मोजतो. बेरजांतील अंतर फार दिसले की सौदा रद्द. वर जे विवेचन केले त्यावरून ही कसोटी चुकीची आहे हे उघड व्हावे. तळाच्या संघाने आपला सर्वोत्तम पिचर एका कोवळ्या, यंदा कार्डही नसलेल्या खेळाडूसाठी दिला तर बेरजेतील अंतर प्रचंड असेल आणि तरी व्यवहार निर्दोष असेल. उलट दोन सारख्या कार्डांची अदलाबदल, जिच्यात एका पक्षाला आपल्या संघासाठी काहीच प्रयोजन सांगता येत नाही, ती बेरजेत समान असूनही संशयास्पद आहे. मध्यस्थाने प्रत्येक पक्षाला विचारावयाचे ते एवढेच की हा खेळाडू तू कोणाच्या जागी खेळविणार, आणि कोणत्या वर्षी. या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता आले त्याचा सौदा रद्द करण्याचा अधिकार, माझ्या मते, कोणत्याही बेरजेला नाही.