एक रिडिम, तीन गाणी आणि चार्टवर न दिसणारी माणसं

लोकप्रिय संगीताचं यश मोजायचं म्हटलं की आपण पटकन चार्टकडे बघतो. कितवा क्रमांक, किती आठवडे, संपला विषय. रेगे आणि डान्सहॉलच्या बाबतीत मात्र ही मोजपट्टी भलत्याच ठिकाणी लावली जाते, असं आमचं म्हणणं आहे. कसं ते बघू.

२००३ साल घ्या. शॉन पॉलचं 'गेट बिझी' अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' गाजलं आणि न्यूयॉर्कच्या लुमिडीचं 'नेव्हर लीव्ह यू' तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. यादी सांगते, तीन गायक, तीन गाणी. आता ती लागोपाठ ऐका. टाळ्यांचा तोच ठेका! तिन्हींच्या खाली एकच संगीत आहे. ते केलं जमैकाच्या स्टीव्हन मार्सडेन ऊर्फ लेंकी यानं आणि त्याचं नाव 'दिवाली'. आपले कान टवकारतात खरे, पण त्यात आपल्या सणाचं गाणं वगैरे काही नाही बरं का.

याला जमैकात रिडिम म्हणतात. निर्माता आधी साथसंगीत तयार करतो, मग अनेक गायक त्यावर आपापले शब्द आणि सूर बसवतात. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' असं छापलेलं असतं ना, त्याच्या जवळपास जाणारी ही गोष्ट. तिथे चाल उसनी, इथे साथ उसनी. फक्त नाटकाच्या पुस्तकात उसनवारीची नोंद असते. चार्टमध्ये तेवढीही जागा नसते.

याची किंमत कोण मोजतं? १९६७ मध्ये किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्ये ऑल्टन एलिसनं 'आय'म स्टिल इन लव्ह विथ यू' गायलं. दहा वर्षांनी जो गिब्ज या निर्मात्याकडे तो रिडिम नव्यानं वाजवला गेला आणि त्यावर अल्थिया आणि डोना या सतरा-अठरा वर्षांच्या मुलींचं 'अपटाउन टॉप रँकिंग' उभं राहिलं. १९७८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे २००४ मध्ये शॉन पॉल आणि साशा यांनी एलिसचंच गाणं पुन्हा गाजवलं. म्हणजे जवळपास चार दशकं हा रिडिम जिवंत राहिला. चार्टच्या भाषेत मात्र अल्थिया आणि डोना 'एका गाण्याच्या' आणि एलिस जवळजवळ नाहीच. स्टुडिओत बेस आणि ड्रम वाजवणाऱ्यांना तर बहुधा ठरावीक पैसे हातात पडत. रिडिम पुढे कितीही फिरला तरी त्यांचा हिशेब तिथेच मिटलेला असे.

मग शॉन पॉलचं श्रेय काहीच नाही का? तसं नाही. तोच ठेका वेन वंडर मऊ सुरात गातो, लुमिडीचा आवाज काहीसा कच्चा, शेजारच्या मुलीसारखा वाटतो, आणि शॉन पॉल शब्द टाळ्यांच्या मधल्या फटींत नेमके फेकतो. ही कारागिरी खरीच आहे. पण त्याच्या पाठीशी अटलांटिकसारखी मोठी अमेरिकन कंपनीही होती. पहिल्या क्रमांकात गळा किती आणि वितरण किती, हे चार्ट वेगळं करून सांगत नाही.

बॉब मार्लीचंच बघा ना. त्याचं 'आय शॉट द शेरीफ' १९७४ मध्ये अमेरिकेत पहिलं आलं ते एरिक क्लॅप्टनच्या आवाजात. स्वतः मार्लीचं एकही गाणं त्याच्या हयातीत तिथल्या पहिल्या चाळिसात पोचलं नाही. 'लेजंड' हा त्याचा सर्वाधिक खपलेला संग्रह आला १९८४ मध्ये, तो गेल्यावर तीन वर्षांनी. १९८० चे चार्ट पाहून कुणी मार्लीबद्दल काय लिहिलं असतं?

म्हणून आपण समीक्षा करताना गायकाच्या नावाबरोबर दोन प्रश्न विचारायला हवेत : रिडिम कुणाचा, आणि त्यावर आणखी कोण गायलं? आज फोनवर ही उत्तरं शोधणं अवघड नाही. घरी गेल्यावर आधी एलिस ऐका, मग अल्थिया आणि डोना, मग शॉन पॉल आणि साशा. याच क्रमानं. एवढं केलंत तर आजच्या बोलण्याचं सार्थक झालं. आता प्रश्न घेऊया.