काळांत हरवलेला ससा

मुलांच्या खेळावर टीकालेख लिहिणें कित्येकांस पोरकटपणाचें वाटेल. परंतु ज्या वस्तूपुढें घरांतलीं मुलें जेवणाची शुद्ध विसरून बसतात, तिची छाननी कादंबरीइतकीच कसून व्हावी, असें आमचें मत आहे.

‘बग्ज बनी: लॉस्ट इन टाइम’ हा व्हिडिओ गेम १९९९ सालीं प्लेस्टेशन व संगणक या दोहोंसाठीं निघाला. वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनपटांतील वाचाळ ससा सहलीस निघतो, वाट चुकतो, आणि गाजराच्या रसाचें यंत्र समजून कालयंत्र सुरू करतो. मर्लिन नांवाचा जादुगार त्यास घड्याळें गोळा करावयास लावतो. त्यांवांचून परतीची वाट नाहीं. मग अश्मयुग, चांच्यांचा काळ, १९३० चें दशक, मध्ययुग आणि ‘डायमेन्शन एक्स’ अशा पांच ठिकाणीं ससा उड्या मारीत फिरतो.

विनोद अस्सल आहे, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. एल्मर फड अश्मयुगांतहि सशाच्याच मागें. योसेमिटी सॅम चांचा झाला तरी संतापी तो संतापीच. पण खेळाचें वैगुण्यहि नेमकें येथेंच आहे. पोशाख बदलतात, काळ बदलत नाहीं. नाटकमंडळीनें राजवाड्याचा पडदा गुंडाळून अरण्याचा सोडावा, तशीं हीं युगें आहेत. एका युगांत केलेलें दुसऱ्या युगांत फळत नाहीं. मग हा कालप्रवास कसला? हा तर स्थलप्रवासच! आमच्या पुराणांतला रैवत राजा कन्येसाठीं वर विचारावयास ब्रह्मलोकीं गेला. क्षणभर थांबून परततो तों पृथ्वीवर युगें उलटलेलीं, आप्तस्वकीय नाहींसे झालेले. काळ ओलांडण्यास असें मोल पडतें. वेल्सच्या १८९५ मधील ‘टाइम मशीन’ या कादंबरींतहि आजच्या वर्गभेदाचें भयंकर फळ दूरच्या भविष्यांत दिसतें. सशास गाजरांपलीकडे कांहीं मोजावें लागत नाहीं.

तरीहि एक गोष्ट आम्हांस आवडली. मर्लिनकडून नवी विद्या शिकून मागल्या युगांत परतलें, कीं तेथील पूर्वीं बंद असलेली वाट उघडते. या एका कल्पनेंत खऱ्या कालप्रवासाचें बीज आहे. कर्त्यांनीं तें रुजविलें नाहीं, एवढेंच.

तें रुजवावयास ठाणें-कल्याणइतकी सुपीक भूमि क्वचितच सांपडेल. अंबरनाथचें शिलाहारकालीन देवालय १०६० चें. कल्याण शिवाजीमहाराजांनीं घेतलें १६५७ सालीं. आगगाडी ठाण्यास आली १८५३ त, कल्याणास १८५४ त. येथल्या एखाद्या कल्पक तरुणानें या चार मुक्कामांचा खेळ रचावा, आणि त्यांत मागल्या युगांतील चूक पुढल्या युगांत दिसावी. खेळणाऱ्या मुलानें १८५४ चे रूळ अर्धवट टाकले, तर आजच्या डोंबिवलीच्या जागीं त्यास भातखाचरें दिसावींत, आणि त्यांत त्याचें स्वतःचें घर कोठेंच नसावें. मग तो घड्याळें मोजीत बसणार नाहीं. मुकाट्यानें मागें जाऊन आधीं रूळ पुरे करील.