दंगलीचे वाचन

पंडित आणि बातमीदार यांचे सहसा पटत नाही. एकाला घाईचे वावडे, दुसऱ्याला तळटिपांचे. म्हणूनच 'रीडिंग द रायट्स'विषयी मला कुतूहल वाटले.

ऑगस्ट २०११ मध्ये टॉटनहॅम येथे पोलिसांच्या गोळीने मार्क डगन ठार झाला आणि लंडनसह इंग्लंडातील अनेक शहरांत दंगली उसळल्या. हा निव्वळ गुंडगिरीचा प्रकार, असा निर्वाळा पंतप्रधान कॅमेरन यांनी तत्काळ दिला. ट्विटरसारख्या माध्यमांना आवर घालण्याची भाषाही झाली. 'गार्डियन' पत्र आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांनी मात्र दंगलखोरांनाच विचारायचे ठरवले. २७० जणांच्या मुलाखती घेऊन डिसेंबरात निष्कर्ष छापलेसुद्धा! १९६७ च्या डेट्रॉइट दंगलीनंतर फिलिप मायर या बातमीदाराने समाजशास्त्रज्ञांच्या साह्याने केलेली पाहणी त्यांच्यापुढे होती.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो अफवांचा भाग. प्राणिसंग्रहालयातून वाघ सुटला, 'लंडन आय'ला आग लागली, अशा किती वावड्या! मँचेस्टर विद्यापीठाचे रॉब प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांनी पंचवीस लाखांहून अधिक ट्विटे तपासली. यंत्राने सारख्याला सारखे जोडून ढीग लावले. पण दुजोरा कोण देतो, शंका कोण घेतो, हे माणसांनी वाचूनच ठरवले. पत्राने त्याचे चलच्चित्र मांडले. त्यात अफवा फुगताना दिसते, तशी तिला खोडणारी माणसेही दिसतात. चिथावणीचे खापर ट्विटरवर फोडणाऱ्यांना हे उत्तर एकट्या पंडिताकडून वेळेवर मिळाले नसते, आणि एकट्या बातमीदाराकडून ते पुराव्यानिशी मिळाले नसते.

मुलाखतींविषयी मात्र माझी तक्रार आहे. पोलिसांची वागणूक हे दंगलीचे महत्त्वाचे कारण, असे ८५ टक्के सांगतात. हा आकडा बोलका खराच. परंतु ज्याने ते सांगितले तो दोन वाक्यांपुरता येतो आणि पुढच्या मथळ्याखाली नाहीसा होतो. नाव गुप्त ठेवणे भागच होते, त्याविषयी वाद नाही. तुरुंगाचे भय असणाऱ्याला दुसरे कोणते अभय देणार? पण पंडिताला वर्ग हवा, संपादकाला मथळा हवा, आणि या दोघांच्या सोयीत त्या माणसाच्या बोलण्याचा क्रम मोडतो. आधी काय आठवले, कुठे तो अडखळला, कशावर हसला, हे कळत नाही. मी मॅट्रिक झालेला मास्तर. संख्याशास्त्रातले मला फारसे गम्य नाही. तरी कादंबरी लिहिताना एवढे कळले आहे, की माणूस कारण सांगतो ते बहुधा शेवटी, आणि तेही विचारले म्हणून. त्या २७० पैकी एखादी तरी मुलाखत, नावगाव वगळून, अथपासून इतिपर्यंत छापायला हवी होती.